मदत हवी आहे : मिठागरातल्या कामगारांसाठी सावली कशी उभारावी?

आगरवाडा भागातल्या मिठागरांत मे अखेरपर्यंत उन्हात काम चालतं. गोव्यात पारा ३४ वरच असतो म्हणून लोक गाफील राहतात, पण धोका दमटपणात आहे. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की ओल्या फडक्यातला थर्मामीटर (घाम वाळून अंग किती थंड होऊ शकेल ते यावरून कळतं) साधारण २९ दाखवतो. ४० अंशांच्या कोरड्या हवेत, २० टक्के आर्द्रतेला, तो २३ च्या आसपास राहतो. आमच्याकडच्या दमट हवेत घाम नीट वाळतच नाही, मग अंग थंड होणार कसं? त्यात मिठाच्या पांढऱ्या थरावरून ऊन खालूनही तोंडावर येतं.

पाण्याचं ठरलंय : दर २० मिनिटांनी एक पेला, तहान नसली तरी. खूप घाम गेला तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको, उलट्या होतात. कोणी असंबद्ध बोलायला लागला तर आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

अडलंय ते सावलीपाशी. चोपलेल्या तळात खांब रोवता येत नाहीत, बांध अरुंद आहेत आणि दुपारचा खारा वारा ताडपत्री फाडतो. माडाच्या चुडतांचे (झावळ्यांचे) विणलेले झाप वापरून दोघांना उचलता येईल असा मांडव कोणी केलाय का? पायाला वजन किती आणि कसलं ठेवलंत? लोखंड गंजतं, म्हणून बांबूचे सांधे कशाने बांधलेत तेही कृपया सांगा.