विषय: परवा रात्रीचा भूकंपाचा धक्का

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

परवा रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या घराला भूकंपाचा धक्का बसला. आधी कोणीतरी भिंतीला बाहेरून खांदा द्यावा तसा धाडकन आवाज झाला, मग एखाद-दोन सेकंदांनी ओट्यावरच्या मांडणीतील स्टीलची ताटे वाजू लागली, आणि पाच-सहा सेकंदांत सारे शांत झाले. आम्ही गेल्याच वर्षी या भागात राहायला आलो, त्यामुळे हा आमचा पहिलाच अनुभव होता. मुलगी त्या रात्री पुन्हा झोपली नाही.

फोनवर प्रथम ३.९ असा आकडा दिसला आणि सकाळी तोच ३.६ झाला होता. इथल्याच डब्लिन गावातल्या मैत्रिणीला काहीच जाणवले नाही, तर त्याहून कितीतरी लांब, ओकलंडला खाडीच्या काठी राहणाऱ्या माझ्या दिरांचा पलंग हलला. त्यातच एका गटावर येत्या चोवीस तासांत मोठा भूकंप होणार असा निरोप फिरत आहे, तर दुसऱ्या गटावर लहान धक्के बसलेले चांगले, त्याने जमिनीतला ताण निघून जातो, असे लिहून आले आहे. यातले खरे काय मानावे, आणि मुलीला काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

आपली,
फ्रीमाँटमधील एक सभासद

*

ताई, सप्रेम नमस्कार.

मी १९८६ पासून या भागात राहतो आणि इमारतींच्या मजबुतीकरणाच्या कामात माझी तीस वर्षे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आवाज आणि ताटांचे वाजणे यांच्यातला काळ नोंदवलात, ही फार मोलाची गोष्ट आहे. खडक सरकला की तेथून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते आणि दणका देते. दुसरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास धावते आणि घर आडवे हलवते. दोहोंत एका सेकंदाचे अंतर पडले तर उगम साधारण आठ किलोमीटरवर असतो, आणि त्यात जमिनीखालची खोलीही धरलेली असते. म्हणजे परवाचा धक्का तुमच्यापासून आठ ते सोळा किलोमीटरच्या आत, बहुधा हेवर्ड फॉल्टवर (जिच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकतात अशा खडकातील भेगेवर) उगम पावला असावा. मुलीला हा हिशेब करायला शिकवा. भीती वाटत असताना मोजण्यासारखे काही हाताशी असले की मुले सावरतात, असा माझा अनुभव आहे. फोनवर इशारा का वाजला नाही, असेही तुमच्या मनात आले असेल; त्याचे उत्तर इथेच आहे. शेकअलर्ट ही भूकंपाचा इशारा देणारी यंत्रणा पहिली लहर टिपून दुसरी पोहोचण्याआधी इशारा देते, परंतु तो इशारा फोनवर पोहोचवणारे मायशेक ॲप ४.५ पेक्षा लहान भूकंपासाठी इशारा देत नाही. आणि उगमाच्या इतक्या जवळ मोठा भूकंप झाला तरी इशाऱ्याला वेळच उरत नाही.

आकडा बदलला यात कोणाची लपवाछपवी नाही. पहिला आकडा संगणक काही मिनिटांत काढतो. नंतर अधिक केंद्रांच्या नोंदी येतात, भूकंपतज्ज्ञ त्या तपासतात आणि आकडा सुधारतात.

तुमच्या दिरांचा आणि मैत्रिणीचा अनुभव समजून घेण्यात मराठीतला एक शब्द आड येतो. आपली वर्तमानपत्रे ‘तीव्रता’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. उगमापाशी खडक किती सरकला आणि किती ऊर्जा सुटली, याचा ३.६ हा आकडा सर्वांसाठी एकच असतो. तुमच्या पायाखालची जमीन किती हलली, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. ढोलावर टिपरू किती जोराने पडले आणि तुमच्या खिडकीची काच किती थरथरली, या जशा दोन गोष्टी आहेत, तसेच हे आहे. काठावरची मऊ, ओली माती आणि भराव हादरा वाढवतात. डोंगरउतारावरचा घट्ट खडक तो वाढवत नाही.

हे मी १७ ऑक्टोबर १९८९ रोजी डोळ्यांनी पाहिले. लोमा प्रिएटाचा ६.९ चा भूकंप संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी झाला. त्याचा उगम सांताक्रूझच्या डोंगरांत, ओकलंडपासून शंभर किलोमीटरच्या आसपास होता; तरीही ओकलंडचा सायप्रस हा दुमजली उड्डाणमार्ग कोसळला आणि त्या भूकंपातील ६३ मृत्यूंपैकी ४२ तेथेच झाले. त्याच मार्गाचा जो भाग खाडीच्या चिखलावर उभा होता तो पडला, आणि जो घट्ट जमिनीवर होता तो उभा राहिला. पुढे कित्येक आठवडे मी त्या खांबांपाशी जात असे. काँक्रीट फुटून बाहेर वाकलेल्या सळया मला आजही दिसतात, आणि दिरांच्या पलंगाबद्दल वाचल्यावर प्रथम तेच आठवले. त्यांनी आपल्या घराखाली भराव आहे का, हे अवश्य पाहावे.

आता ताण निघून जाण्याबद्दल. भूकंपाचा आकडा एकाने वाढला की सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. हेवर्ड फॉल्टवरचा शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. तो सुमारे ६.८ चा असावा असा अंदाज आहे. तेवढी ऊर्जा ३.६ च्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर असे साठ हजारांहून अधिक धक्के लागतील, म्हणजे रोज एक याप्रमाणे सुमारे १७० वर्षे. तेव्हा लहान धक्क्यांनी ताण संपतो, ही समजूत सोडून द्यावी. हा फॉल्ट पृष्ठभागाजवळ वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर हळूहळू सरकतही असतो. हेवर्ड शहरात त्यामुळे फुटपाथच्या कडा एकमेकींपासून सरकलेल्या दिसतात. पण खोलवर त्याचा वेग दीर्घकाळाच्या सरासरीने वर्षाला नऊ मिलिमीटर धरला जातो. उरलेली सरक खाली अडकून साचत राहते.

चोवीस तासांचा निरोप मात्र सरळ खोटा आहे, आणि असे निरोप पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांनी लहान मुलांची झोप उडते. तारीख, वेळ आणि जागा सांगून मोठ्या भूकंपाचे भाकीत आजवर कोणालाही करता आलेले नाही. कॅलिफोर्नियातील पार्कफील्डचे उदाहरण पाहा. तेथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ या वर्षी सुमारे ६ चे भूकंप झाले होते. इतकी नियमितता पाहून पुढचा भूकंप १९९३ च्या आत होईल, असा अंदाज शास्त्रज्ञांनी केला आणि तो टिपण्यासाठी परिसरात उपकरणे मांडली. भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. ज्यांनी आयुष्य या विषयाला दिले त्यांना अकरा वर्षांची चूक होते, तर फोनवरच्या निनावी माणसाला चोवीस तास कोठून कळणार?

खरे ते असे: कॅलिफोर्नियात एखाद्या धक्क्यामागून आठवड्याभरात त्याच्याइतका किंवा त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता सुमारे पाच टक्के असते, आणि हा ‘मोठा’ म्हणजे ३.८ चाही असू शकतो. लांबचा विचार केला, तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार २०१४ ते २०४३ या काळात या भागात ६.७ किंवा त्याहून मोठा एक तरी भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के आहे, आणि त्यात हेवर्ड व त्याला उत्तरेकडे जोडून असलेल्या रॉजर्स क्रीक फॉल्टचा वाटा सर्वांत मोठा, ३३ टक्के आहे. आज रात्रीची चिंता करण्याचे कारण नाही. घराची चिंता मात्र जरूर करावी.

म्हणून तीन गोष्टी विचारतो. घर कोणत्या साली बांधले? घराच्या तळाखाली रांगत जाण्याइतकी जागा असेल, तर लाकडी चौकट काँक्रीटच्या पायाला बोल्टने जखडलेली आहे का? आणि मुलीच्या पलंगाच्या डोक्याशी काय आहे? धक्का जाणवला तर बाहेर धावू नये, दारात उभे राहू नये; टेबलाखाली शिरून त्याचा पाय धरून ठेवावा. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आपला अनुभव नोंदवण्याचा अर्ज आहे, तोही भरावा. डब्लिनच्या मैत्रिणीनेही ‘जाणवले नाही’ अशी नोंद करावी. नकाशासाठी तीही तितकीच उपयोगी असते.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद

*

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राबद्दल मनःपूर्वक आभार. घर १९५४ चे आहे. काल हे विजेरी घेऊन खाली रांगत गेले. पुढच्या बाजूला लाकडी चौकटीवर सुमारे दोन मीटरवर एकेक गंजलेला नट दिसला, मागच्या बाजूला एकही नाही. गरम पाण्याच्या टाकीला वरचा पट्टा आहे, खालचा सुटून लोंबकळत आहे. मुलीच्या उशाशी पुस्तकांचे उंच कपाट होते आणि ते भिंतीला जखडलेले नव्हते. काल रात्रीच आम्ही तिचा पलंग समोरच्या भिंतीकडे नेला. तो ढकलताना ‘एका सेकंदाला आठ किलोमीटर’ हे ती मोठ्याने म्हणत होती.

खाली काढलेली छायाचित्रे तुम्हाला वेगळी पाठवते. मागच्या बाजूच्या चौकटीला आधी हात घालावा की टाकीच्या पट्ट्याला, एवढे सवडीने कळवावे.

आपली,
फ्रीमाँटमधील सभासद

*

ताई, टाकीचा पट्टा आजच लावून घ्या. ते तासाभराचे काम आहे, आणि टाकी कलंडली तर गॅसची नळी तुटते. पट्टे दोन हवेत, एक टाकीच्या वरच्या तिसऱ्या भागात आणि एक खालच्या. मागच्या चौकटीसाठी शनिवारी सकाळी मी स्वतः येतो.