श्रावणबाळ पेन्शनसाठी उत्पन्नाचा दाखला अडला, मदत हवी आहे

राजेहो, शेजारच्या काकू 67 वर्षांच्या. लाडकी बहीण 65 पर्यंतच, म्हणून श्रावणबाळचा अर्ज भरतोय. तिथं वार्षिक उत्पन्नाची अट 21,000, अन् दाखला आला 36,000 चा. म्हणजे महिन्याला तीन हजार! काकू कापूस वेचायला जातात तेही दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने, बाकी राशनच्या तांदळावर. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही.

पानठेल्यावर मात्र एकच रड: फुकट राशननं लोकं आळशी झाले, वेचायला बाई भेटत नाही. (बोलणारा स्वतः पीएम किसानचे 6,000 घेते, ते चालते.)

दाखला दुरुस्त करायला तलाठ्याकडे परत चौकशी मागता येते का? वेगळ्या राहणाऱ्या पोराचं उत्पन्न यात धरतात का? कोणी हे केलं असेल तर कागदपत्रं सांगा.