कोल्हापूर ते गोवा एसटीने, मधे एक रात्र कुठे काढू? निपाणी की बेळगाव?

आम्ही दोघी मैत्रिणी पाठीवर सॅक टाकून निघतोय, कोल्हापूरहून दुपारनंतर, चोर्ला घाट मात्र उजेडात बघायचाय. म्हणून रात्री सीमेवर कुठेतरी थांबायचं आणि सकाळी पणजीची गाडी धरायची. कन्नड एक अक्षर येत नाही. साधी, स्वच्छ रूम मिळाली तरी बास. कुणी सांगेल का?

बेळगावकर:
ताई, सरळ बेळगावला या की. कोल्हापूरपासनं साधारण ११० किमी आहे, अंधार पडायच्या आत पोचताय बगा. लॉज मध्यवर्ती स्टँडच्या आसपासच बगा, म्हणजे पहाटे सॅक घेऊन रिक्षा शोधत फिरायला नको. आधार कार्ड ओरिजिनल ठेवा दोघींचं, आणि पैसे द्यायच्या आधी रूम वर जाऊन बगा, कडी नीट लागते का ते पण. भाषेचं काळजी करू नका, शहरात मराठी सगळीकडं चालतंय. फक्त कर्नाटकच्या गाड्यांवर पाट्या बऱ्याचदा कन्नडमधेच असतात, तेव्हा पाटी वाचायच्या भानगडीत न पडता "पणजी, चोर्लावरनं?" असं कंडक्टरलाच विचारा, कारण काही गाड्या खानापूर-अनमोडवरनं जातात, मग तुमचा चोर्ला हुकणार.

निपाणीकर:
आमच्या गावाला नाव ठेवत नाही, पण गोव्याला जायचं तर बेळगावच बरं. निपाणी कोल्हापूरपासून ४० किमीवर, इतक्या लवकर थांबून करणार काय, आणि लांब पल्ल्याच्या गाडीत बसला तर ती गावातल्या स्टँडवर येते की हायवेलाच सोडते हे आधी विचारा.

प्रश्नकर्ती:
थँक्यू दोघांनाही! बेळगाव फिक्स. एसटीत ५० टक्के सवलत पूर्ण तिकिटावर मिळेल ना? आणि संध्याकाळी तास-दोन तास मिळाले तर काय बघू?

खानापूरची:
नाही गं, सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण भाडं. आणि कर्नाटकातला बायकांचा फुकट प्रवास तिथल्या रहिवासी बायकांसाठी आहे, तुमच्या आधारवर चालायचा नाही, म्हणून सुट्टे पैसे ठेवा. किल्ला स्टँडपासून जवळच आहे, आत कमल बस्ती नक्की बघा, १२०४ चं जैन मंदिर आहे, छताला दगडात कोरलेलं कमळ लटकतंय ते बघत उभं राहावंसं वाटतं. पण उशीर झाला तर दार बंद मिळेल, मग सकाळी जा. कुंदा घ्या, आणि मांडे कुठे ताजे मिळाले तर सोडूच नका.

एक महत्त्वाचं. तारीख कुठली आहे तुमची? १ नोव्हेंबरला इकडे राज्योत्सव म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिवस, आणि सीमाप्रश्नावरनं आपल्या मराठी लोकांचा काळा दिवस, एकाच दिवशी असतो, डिसेंबरमधे इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हाही वातावरण तापतं. असं काही झालं की दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवरच थांबवतात, २०२२ च्या डिसेंबरात झालं होतं. गावात एरवी कोण कुणाला त्रास देत नाही, शेजारी शेजारी राहतो आम्ही. पण निघायच्या दिवशी सकाळी कोल्हापूर स्टँडच्या चौकशी खिडकीवर "बेळगाव गाड्या चालू आहेत का" एवढं विचारूनच तिकीट काढा, बंद असतील तर आंबोली-सावंतवाडीवरनं गोव्यात उतरा, फक्त ती गाडी कर्नाटकातल्या निपाणीवरनं जात नाही ना तेवढं विचारा.