'काच ती काच' म्हणे! (सोलर एअर हीटर)

खटपट्या
काल एकाने ठोकून दिलं, "सोलर एअर हीटरला भंगारातली कुठलीही काच चालते. काच ती काच." वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. (हीटर म्हणजे वरून काच लावलेली पेटी: आतला काळा पत्रा उन्हाने तापतो, पंखा त्यावरून हवा खेळवून गरम हवा घरात सोडतो.)

कड हिरवीगार दिसली की काचेत लोह जास्त. साधी 4 मिमी काच साधारण 80-85% ऊन आत सोडते, कमी लोहाची 90 च्या आसपास. पण त्यासाठी जीव टाकू नका, पेटी थोडी मोठी केली की भागतं. खरी भीती तड्याची. भर उन्हात पंखा बंद पडला की आतला काळा पत्रा 100 अंश ओलांडू शकतो. काच मधोमध तापते, चौकटीत दडलेली कड गार राहते. हा फरक 40 अंशांच्या घरात गेला की साधी काच तडकायला लागते, कडेला टवका असेल तर त्याच्याही आधी.

म्हणून टफन्डच घ्या, म्हणजे तापवून झटकन गार केलेली, साधीपेक्षा बळकट काच. जुनी सरकती दारं, शॉवरची दारं बघा. कोपऱ्यात शिक्का असतो. नसेल तर पोलराइज्ड गॉगल लावून तिरकं बघा, ठिपके-पट्टे दिसतात. ती कापता येत नाही. आधी काच, मग तिच्या मापाची पेटी.

जुनंतेसोनं
आलं टफन्डपुराण! माझ्या हीटरवर जुन्या खिडकीची साधी तावदानं आहेत. कित्येक हिवाळे गेले, एक तडा नाही. तावदानं लहान, चौकटीत फुगायला जागा सोडलेली. एखादं फुटलं तर तेवढंच बदलेन. तुमच्या दाराच्या कडेला खडा बसला की अख्ख्या दाराचा चुरा.

खटपट्या
चुराच होतो, तेच हवंय! तुमचं तावदान सुटलं तर सुरीसारखं खाली येईल. खाली पोरं खेळत असतील तर?

जुनंतेसोनं
खाली कोथिंबिरीचा वाफा आहे. तिच्या वतीने आभार.

कडवट_काढा
दुहेरी काच लावा म्हणणारे कुठे लपले? मी फुकटात मिळालेली दुहेरी खिडकी लावली आणि हवा कोमटच. आत लो-ई थर (उष्णता परतवणारा पातळ लेप) निघाला, उन्हातला अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्ण किरणांचा भाग बाहेरच्या बाहेर परत! आधी लायटर धरून बघा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, एकाचा रंग वेगळा असला तर थर आहे. देणाऱ्याला हे माहीत होतं, माझी खात्री आहे.

उनाड
मुळात काच अवरक्त कोंडते म्हणून पेटी तापते, हीच भाकडकथा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वूडने 1909 मध्येच प्रयोग करून दाखवलं. एका पेटीवर काच, दुसरीवर अवरक्त जाऊ देणारी सैंधवाची पट्टी. दोन्ही 55 अंशांच्या आसपास, फरक जेमतेम एका अंशाचा. काच फक्त वारा अडवते.

फळा_खडू
आणि ते टिपण दीडेक पानाचं होतं, आपण विषयात फार खोल गेलो नाही असं वूडने स्वतःच लिहिलंय, हे सोयीस्कर विसरलात. वारा अडवणं मोठं काम, मान्य. पण पत्रा तापेल तशी किरणांवाटे होणारी उष्णतेची गळती निरपेक्ष तापमानाच्या (उणे 273 अंशांपासून मोजलेल्या) चौथ्या घातात वाढते, म्हणून काचेचं अवरक्त अडवणंही मोजायला हवं.

उनाड
मास्तर, चौथा घात फळ्यावर ठेवा. हीटर नीट चालत असेल तर पंखा पत्र्याला तेवढं तापूच देत नाही.

फळा_खडू
पंखा बंद पडतो तेव्हाचं बोलणं चाललंय. धागा वरपासून वाचायची पद्धत असते.

कडवट_काढा
माझ्या खिडकीचं काय करू, ते कुणी सांगेल का?

जुनंतेसोनं
खिडकीत लावा.

खटपट्या
बरं, लहान तावदानं, कडा घासलेल्या, फुगायला जागा, खाली माणूस नाही: एवढं सगळं जुळलं तर साधी काच चालेल. झालं समाधान?

जुनंतेसोनं
उपकार झाले.

नवा_भिडू
मला जुनं टफन्ड दार मिळालंय. एका कडेला टवका आहे. घासून घेऊ का?

खटपट्या
अजिबात नको, घासताना हातातच चुरा होईल. दुसरं शोधा.

जुनंतेसोनं
माझी तावदानं घासता येतात. आपलं सांगून ठेवतो.