मदत हवी आहे: पोर्तो रिकोतल्या कोकी बेडकाचा आवाज नेमका कुठला?

मागच्या महिन्यात पोर्तो रिकोला गेलो होतो, एल युंकेच्या जंगलाला लागून साधारण 500 मीटर उंचीवर मुक्काम होता आणि अंधार पडला की कोकींचा जो कल्लोळ सुरू व्हायचा तो मोबाईलवर 12-13 मिनिटं रेकॉर्ड केलाय. आता घरी ऐकतोय तर दोन वेगळे आवाज वाटतायत, दोन्ही 'को-की'च, पण एक बारीक आणि जरा घाईतला.

वाचलं ते असं की साधा कोकी सगळीकडे असतो, अगदी घराच्या अंगणातही, आणि डोंगरातल्या ओल्या जंगलात त्याचा भाऊबंद माउंटन कोकी असतो ज्याचा आवाज जास्त उंच पट्टीतला. पण घोळ असा की साध्या कोकीचाही आवाज जागेच्या उंचीप्रमाणे बदलतो म्हणे, डोंगरात वर गेलं की नर मोठे आणि आवाज जाड. मग पट्टीवर कितपत भरवसा ठेवायचा?

आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पती ओळखून देणारी साइट) टाकून झालं, जीनसच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या) पुढे गाडी सरकत नाही. मर्लिन अ‍ॅप सुचवू नका प्लीज, ते पक्ष्यांचं आहे. फोटो एकच, ब्रोमेलियाडच्या (अननसाच्या कुळातलं झाड) पानात बसलेला, हललेला. बेडूक पकडला नाही, पकडायचाही नव्हता. परत जाणं शक्य नाही.

स्पेक्ट्रोग्राम (आवाजाच्या फ्रिक्वेन्सीचा आलेख) काढता येतो मला. त्यात 'को' आणि 'की' या दोन्हींची फ्रिक्वेन्सी बघायची, की दोन हाकांमधलं अंतर मोजायचं? आणि त्या रात्रीचं तापमान माहीत नसेल तर ही तुलना करण्यात काही अर्थ आहे का?