मदत हवी आहे: व्हिजिटिंग डॉक्टरांना एकत्रित मधुमेह ओपीडीत कसं आणावं?

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी व्यवस्थापन बघते. पगारी डॉक्टर मोजकेच, बाकी सगळे व्हिजिटिंग. मधुमेहाच्या रुग्णाची साखर, डोळे, किडनी, पाय आणि आहार हे सगळं एकाच दिवशी, एकाच फाइलवर बघायचं, असं विश्वस्तांनी ठरवलंय. डॉक्टरांना विचारलं ते ठरवून झाल्यावर.

गरज आहे यात वादच नाही. परवा देवासच्या एक काकू पिशवीभर पर्चे घेऊन आल्या. मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या ब्रँडच्या नावाने लिहिलेलं, आणि काकू दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. दोघंही डॉक्टर आमचेच, खोल्या समोरासमोर.

तरी गाडी पुढे सरकत नाही. मीटिंगला एखादेच सर येतात, तेही चहा होईपर्यंत. संगणकावर नोंद करा म्हटलं की "मग पेशंट कधी बघू?" त्यात तथ्य आहे. पण खरी गाठ पैशांची. इथे फी पेशंटमागे मिळते. पायाची जखम लवकर सापडून ड्रेसिंगवर भागलं, तर सर्जनचंच ऑपरेशन जातं. असं कुणी तोंडावर म्हणत नाही, पण हिशेब सगळ्यांना येतो.

एक विश्वस्त सारखा अमेरिकेतल्या कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेचा दाखला देतात. अहो, तिथे विमा, रुग्णालयं आणि डॉक्टरांचा गट एकमेकांना बांधलेले, डॉक्टर पगारी, आणि १९४५ पासून ते सामान्यांसाठी खुलं आहे. आमचे सर दुपारी पलासियाला स्वतःच्या क्लिनिकमध्ये असतात! दुसरे म्हणतात, सक्ती करा. पण कॅनडात ऑन्टारिओमध्ये सर्जिकल चेकलिस्ट (ऑपरेशनच्या वेळी पडताळायची यादी) सक्तीची केली. रुग्णालयांनी पालन जवळजवळ पूर्ण दाखवलं, पण २०१४ च्या अभ्यासात मृत्यू लक्षणीय घटलेले दिसले नाहीत.

तर, असं कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? मानधन पेशंटवर न देता सत्रावर दिलं तर डॉक्टर टिकतात का? नोंदी सिस्टरांनी करून डॉक्टरांनी नुसती सही केली तर चालतं का? आणि पुढाकार कुणाकडे द्यावा? वरिष्ठ फिजिशियन सरांचा शब्द सगळे मानतात, पण ते संगणकाला हात लावत नाहीत. नव्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट (मधुमेह-हार्मोनतज्ज्ञ) मॅडमना उत्साह दांडगा, पण त्यांचं अजून कुणी ऐकत नाही.

"डॉक्टर असेच असतात" हे उत्तर कृपया नको, नवरा डॉक्टर असल्याने ते घरीच मिळतं. कुठे अशी ओपीडी सुरू असेल तर येऊन बघायची तयारी आहे.