मेट्सची बॅटिंग: चार मॅचमध्ये आठ रन, आणि म्हणे 'अजून लवकर आहे'

क्वीन्सकर (३ एप्रिल २०२४)
सलग दुसऱ्या दिवशी पाऊस, आपल्या बेसबॉल टीमची, न्यूयॉर्क मेट्सची, डेट्रॉइट टायगर्सबरोबरची मॅच परत पुढे ढकलली, म्हणून घरी बसून भडास काढतोय. त्याआधी मिलवॉकी ब्रुअर्सनी सिटी फील्डवर, आपल्या घरच्या मैदानावर, येऊन तिन्ही मॅच मारल्या. पहिल्या दिवशी तर अख्ख्या मॅचमध्ये आपला एकच हिट (चेंडू मारून बेस गाठणं), तोही मार्टेचा होमर (क्रिकेटच्या सिक्सरसारखा). मग टायगर्सनी दहाव्या, म्हणजे जादा, इनिंगमध्ये पाच रन चोपले आणि आपला भोपळा. एकूण ८ रन, त्यातले ६ एकाच मॅचमधले आणि तीही ७-६ अशी घालवली. पगारावर ३० कोटी डॉलरच्या वर खर्च करून हे?

मूळ रोग असा की सगळे होमरच्या भरवशावर. गेल्या वर्षी अलोन्सोचे ४६ होमर पण अ‍ॅव्हरेज .२१७ (म्हणजे हजारात २१७ हिट), अल्वारेझचे २५ आणि .२०९, ब्रेट बेटीचं .२१२. बेसवर आपला कोणी रनर नसताना होमर मारून एकच रन मिळतो ना राव.

बाकावरचा
कैच्या कै. १६२ पैकी ४ मॅच म्हणजे टेस्टच्या एका दिवसात सव्वादोन ओव्हर. तेवढ्यात कोणी टीम बदलतं का? निमो बेसवर जातो, मॅकनील २०२२ चा बॅटिंग चॅम्पियन आहे, आणि जे. डी. मार्टिनेझ अजून यायचाय, मार्चच्या शेवटी सही केली म्हणून मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) हात मोकळे करतोय. गेल्या वर्षी डॉजर्सकडून ११३ मॅचमध्ये ३३ होमर मारलेत त्याने. बॅटिंगला अलोन्सोच्या मागे तो आला की पिचर लोकांना अलोन्सोला टाळता येणार नाही.

क्वीन्सकर
म्हणजे तूच म्हणतोयस की आत्ता मागे कोणी नाही 😄 मग व्हिएन्टोसला सिरॅक्यूजला, आपल्या मायनर्सच्या टीमकडे, कशाला पाठवलं? आणि मार्टिनेझ पण होमरवालाच, रोग तोच, डोस डबल.

थालीपीठ_७नंबर
तुम्ही दोघं लिंडोरचं नावच घेत नाही. गेल्या वर्षी ३१ होमर, ३१ स्टील (पळून चोरलेले बेस), आणि आत्ता बॅट घरी विसरून आल्यासारखा खेळतोय. सोमवारी स्टेडियममध्ये माझ्या मागचे काका प्रत्येक वेळी त्याची हुर्यो उडवत होते, थंडीने माझी बोटं गारठलेली, पण काकांचा आवाज काही बसेना. फिलीच्या (फिलाडेल्फियाच्या) लोकांनी मागच्या ऑगस्टमध्ये त्यांचा ट्रे टर्नर चाचपडत होता तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि तो पेटला. आपल्याला जमेल का?

क्वीन्सकर
फिलीकडून शिकायचं? त्यापेक्षा हरू.

बाकावरचा (४ एप्रिल, रात्री)
पाहिली का डबलहेडर (एका दिवसात दोन मॅच)? पहिली अकरा इनिंग खेळून ६-३ हरलो, पाचपैकी पाच हार, तेव्हा मी फोन उलटा ठेवला होता. दुसरीत आठव्यापर्यंत एकही हिट नाही, बेडरने पहिला हिट मारून कोंडी फोडली, नवव्यात अलोन्सोचा होमर, बरोबरी, आणि टेलरने जिंकून दिली. २-१. बोला आता.

क्वीन्सकर
काय बोलू, सात इनिंग हिट नाही आणि मग होमर. पहिली पोस्ट परत वाच. (नाचलो मात्र, बायकोला वाटलं लॉटरी लागली.)

थालीपीठ_७नंबर
उद्यापासून सिनसिनाटीत. ते काका तिकडे नसतील एवढं नक्की.